बेताच्या पैशांत सायकल



गेल्या महिन्यात मी सायकल घेतली. नातवासाठी नाही, स्वतःसाठी. वय वर्षं ६४. मंदिरात दोघीतिघींनी विचारलं, "काय गं, या वयात ही हौस कशाला?" त्यांना तिथे उभ्या उभ्या उत्तर देता आलं नाही, म्हणून आज इथे सविस्तर लिहिते. माझं म्हणणं साधं आहे. बाईसाठी सायकल ही हौस नाही, घरखर्चातली गरजेची बाब आहे. आणि पैसे बेताचे असतील तर ती जरा डोळसपणे घ्यावी लागते, एवढंच.

आधी कारण सांगते. आम्ही सांगलीत विश्रामबागच्या बाजूला राहतो. मंदिर घरापासून दोन किलोमीटरवर. इतकी वर्षं सकाळी हे मला स्कूटरवर सोडत. दोन वर्षांपूर्वी यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि स्कूटर चालवणं बंद झालं. मुलगा आणि सूनबाई दोघं नोकरीला, सकाळी त्यांची आपलीच धांदल. मग उरली रिक्षा. जायला चाळीस, यायला चाळीस. पेन्शनीच्या घरात रोज ऐंशी रुपये कोण घालणार? रोजचं दर्शन आठवड्यातून दोन दिवसांवर आलं. चालत जायचं म्हटलं तर जाऊन-येऊन चार किलोमीटर, आणि गुडघा तेवढं चालू देत नाही.

एका चतुर्दशीला साडेसहाला तयार होऊन मी फाटकात उभी राहिले. रिक्षा मिळाली साडेसातला. पोचले तेव्हा अभिषेक होऊन गेला होता. कुणाचीच चूक नव्हती. पण गंधोदक घेताना माझे डोळे भरून आले. दर्शन चुकल्याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त हे लागलं, की घराबाहेर पाऊल टाकायला मला दर वेळी कुणाची तरी वाट पाहावी लागते. १९७७ साली मी कॉमर्स कॉलेजला गेले ती सायकलवरून. वडिलांनी जुनीच सायकल घेऊन दिली होती, पण त्या सायकलमुळे मला कुणाला काही विचारावं लागत नसे. लग्न झालं, सायकल माहेरी धाकट्या भावाकडे गेली. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. चाळीस वर्षांनी त्या फाटकात वाटलं.

घरी विषय काढला. मुलगा म्हणाला, "आई, पडलीस तर?" हे म्हणाले, "घे, पण बघून घे." माझ्याकडे भिशीतले सात हजार रुपये होते. मी वहीचं कोरं पान काढलं आणि वर लिहिलं, सायकल, मर्यादा ७,०००. मर्यादा आधी लिहायची, वस्तू नंतर बघायची. परिग्रह परिमाण म्हणजे तरी वेगळं काय असतं?

आता आमच्या घरात झालेली चूक आधी सांगते, कारण शहाणपण तिथूनच आलं.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळ्यांना व्यायामाचं वेड लागलं होतं. आमच्याकडेही एका दुकानातून गिअरची सायकल आली. जाड टायर, पुढे शॉकअप, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक. किंमत ९,५००. दिसायला एखाद्या मोटरसायकलसारखी. महिनाभर मुलाने फिरवली. मग गिअर बदलताना चेन उतरायला लागली, ब्रेक चाकाला घासायला लागला. दुरुस्तीला नेली की दर वेळी दोनशे-तीनशे. शेवटी ती पार्किंगमध्ये भिंतीला टेकली ती टेकलीच. मुलाला विचारलं, किती फेऱ्या झाल्या असतील? म्हणाला, वीसेक. म्हणजे एका फेरीला ४७५ रुपये. एवढ्यात दर वेळी टॅक्सी आली असती.

यावरून माझं पहिलं मत. सायकलची किंमत दुकानातल्या चिठ्ठीवर नसते, ती फेऱ्यांनी भागून काढायची असते. रोज चालणारी सहा हजारांची सायकल स्वस्त, आणि उभी राहणारी तीन हजारांची महाग.

दुसरं मत. बजेट सहा-सात हजारांचं असेल तर गिअर, शॉकअप, डिस्क ब्रेक यांच्या नादी लागू नका. या गोष्टी वाईट नाहीत. चांगल्या प्रतीच्या असतील तर फार उपयोगी, पण त्यांची किंमत तशी असते. कमी किमतीच्या सायकलमध्ये त्या घातल्या की कारखानदाराला पैसे कुठून तरी वाचवावे लागतात, आणि ते चाक, ब्रेक, बेअरिंग यांत वाचतात. शिवाय स्वस्तातला शॉकअप जड असतो आणि पायडल मारताना आपली थोडी ताकद त्याच्या वरखाली होण्यात जाते. सांगलीसारख्या सपाट गावात गिअरची गरजच नाही. साताऱ्याच्या किंवा कोल्हापूरच्या चढउताराच्या भागात राहत असाल तर गोष्ट वेगळी. तिथे गिअर घ्या, पण मग बजेटही वाढवा.

आपल्याला लागते ती साधी, बिनगिअरची लेडीज सायकल. वरची दांडी खाली वाकवलेली, म्हणजे साडीत किंवा पंजाबी ड्रेसमध्ये पाय सहज टाकता येतो. चेनला पूर्ण कव्हर, मागच्या चाकाला जाळी. या दोन गोष्टींवर तडजोड नको. पदर किंवा ओढणी चाकात गेली तर पडण्याला वेळ लागत नाही. बाकी मडगार्ड, कॅरिअर, मजबूत स्टँड. या सायकलमध्ये बिघडण्यासारखं थोडं असतं आणि जे बिघडतं ते कोपऱ्यावरचा सायकलवाला दुरुस्त करू शकतो. तिचे भाग कोणत्याही तालुक्याच्या गावात मिळतात.

मापाचं नीट बघा. नवशिक्या बाईने किंवा माझ्यासारखीने, जिला पुन्हा शिकायचं आहे, सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतात ना हे दुकानातच पाहावं. माझी उंची पाच फूट. २६ इंची चाकाची सायकल सीट खाली केल्यावर मला बसली. टेकत नसेल तर २४ इंची बघा, त्यात लाज कसली? एकदा तोल जमला की सीट थोडी वर करून घ्यायची. पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. सीट फार खाली ठेवून चालवत राहिलं तर गुडघे दुखतात, आणि मग आपण म्हणतो सायकल सोसत नाही.

आपल्या बायकांनी विचारायची आणखी एक गोष्ट. सीट कशाची आहे? जुन्या काळ्या सायकलींना चामड्याची सीट असे, अजूनही काही जुन्या सायकलींना ती सापडते. आजकाल बहुतेक रेक्झिनच्या असतात, तरी विचारून घ्यावं. बदलायला फार खर्च येत नाही.

आता नवी की जुनी? मी दोन्ही बघितल्या. साधी नवी लेडीज सायकल मला ५,९०० ला सांगितली. सायकलवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, हे लक्षात ठेवा. मूळ किंमत ५,००० असेल तर पूर्वी ५,६०० पडायचे, आता ५,२५० पडतात. साडेतीनशे रुपये म्हणजे एक बरं कुलूप. म्हणून पक्कं बिल मागा आणि त्यावर कर किती लावला ते वाचा. बिल नको, थोडं कमी करतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. आपला कर भरायचा राहतो, आणि उद्या काही निघालं तर हातात कागद नसतो.

पण नुसती सायकल घेऊन भागत नाही. कुलूप, टोपली, हेल्मेट, मागचा लाल दिवा, पंप हे सगळं धरून नवीचा हिशेब ७,८८० वर गेला. माझ्या मर्यादेच्या ८८० रुपये वर. हे म्हणाले, "मी देतो वरचे." मी नाही म्हटलं. एकदा वर गेलं की मर्यादा ही मर्यादा राहत नाही. मग मी जुनीकडे वळले.

जुनी शोधताना एक प्रसंग घडला. एक मुलगा घराजवळ सायकल विकायला घेऊन आला. जवळजवळ नवीच, आणि मागितले फक्त १,५००. माझे डोळे चमकले, खोटं कशाला बोलू? बिल विचारलं तर म्हणाला, हरवलं. कुठे घेतलीस विचारलं तर दोनदा दोन उत्तरं. मी अर्धा मिनिट विचार करत उभी राहिले, आणि तेवढ्यात मनाने हिशेबही मांडून टाकला, केवढे पैसे वाचतील! मग आठवलं, अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांमध्ये चोरीचा माल घेणं हाही एक अतिचार सांगितला आहे. आपण चोरी केली नाही एवढ्याने भागत नाही. कुणाच्या तरी मुलीची कॉलेजची सायकल असेल ती. त्या मुलाला परत पाठवलं. मैत्रिणींनो, जुनी सायकल घेताना मूळ बिल, किंवा निदान ओळखीचं घर, याशिवाय घेऊ नका. फ्रेमवर नंबर ठोकलेला असतो, तो बिलाशी ताडून पाहा आणि विकणाऱ्याकडून दोन ओळींची सहीची पावती घ्या.

शेवटी सूनबाईंच्या ऑफिसमधल्या एका बाईंकडे सायकल मिळाली. त्यांची मुलगी कॉलेज संपवून स्कूटीवर गेली होती आणि सायकल दोन वर्षं मागच्या पडवीत झाकून ठेवलेली. बिल जपून ठेवलेलं. त्या म्हणाल्या, "काकू, घेऊन जा, पैसे कसले?" मी २,६०० दिले. वस्तूला किंमत मोजली की ती नीट वापरली जाते, असं माझं मत आहे.

घेण्याआधी काय बघितलं ते क्रमाने सांगते. एक, फ्रेमचे सगळे सांधे, कुठे तडा किंवा पुन्हा वेल्डिंग केल्याची खूण आहे का. फ्रेम गेलेली असेल तर फुकटही घेऊ नका. दोन, चाक उचलून फिरवलं, ते ब्रेकपाशी एका बाजूला लचकतं का. थोडा आउट निघतो, पण रिम चेपलेली असेल तर चाकच बदलावं लागतं. तीन, पायडलचा दांडा धरून आडवा हलवला. खडखडला तर बेअरिंगचं काम आहे. चार, हँडल सरळ, आणि पुढचं चाक जिकडे वळवू तिकडे अडखळत नाही ना. पाच, चेनचा गंज. वरवरचा असेल तर तेलाने जातो. टायरला भेगा होत्या, पण उभ्या राहिलेल्या सायकलचे टायर बदलायचेच, हे मी आधीच धरलं होतं.

आमच्या गल्लीतल्या सायकलवाल्या चाचांकडे ती नेली. त्यांनी पूर्ण खोलून, छर्रे बदलून, ग्रीस भरून, ब्रेकच्या नव्या केबल आणि रबर घालून दिले. याला आमच्या लहानपणी सगळे ओव्हरऑइलिंग म्हणत. खरा शब्द ओव्हरहॉलिंग आहे हे कॉलेजात गेल्यावर कळलं.

वहीतलं पान तसंच्या तसं देते:

सायकल २,६००
ओव्हरहॉलिंग ७५०
दोन टायर, दोन ट्यूब ९८०
हेल्मेट ८००
टोपली ३५०
पंप ३००
कुलूप २८०
मागचा लाल दिवा २५०
घंटी ६०
एकूण ६,३७०
शिल्लक ६३०

बघा, सायकलला २,६०० आणि बाकीच्याला ३,७७०. बहुतेक जणी इथेच चुकतात. सगळे पैसे सायकलवर घालतात आणि मग ब्रेक लागत नाही, हवा राहत नाही, कुलूप नाही म्हणून मंदिराबाहेर ठेवायची भीती वाटते. सायकल घरीच राहते. सायकलच्या टायरमधली हवा हळूहळू आपोआप कमी होत असते. घरात पंप नसेल तर एक दिवस हवा कमी दिसते आणि तो दिवस चुकतो. असा एक दिवस चुकला की दुसरा चुकायला वेळ लागत नाही. म्हणून जे बजेट असेल त्यातला निदान एक तृतीयांश भाग दुरुस्ती आणि सामानासाठी बाजूला ठेवूनच सायकल बघायला निघा.

वसुलीचाही हिशेब सांगते. आठवड्याला दोन दिवस रिक्षा म्हणजे १६० रुपये. ६,३७० भागिले १६०, म्हणजे साधारण चाळीस आठवडे. वर्षाच्या आत सायकल फुकट. आणि आता मी दोन नाही, चार-पाच दिवस जाते. भाजी, दळण, पोस्ट ऑफिस त्यातच होतं. संध्याकाळी सूर्यास्ताआधी जेवण उरकायचं असतं, त्यामुळे माझी सगळी फिरती दिवसाउजेडी असते. अंधारात चालवायची वेळ येत नाही, हा आपल्या नियमाचा एक फायदाच.

पहिले आठ दिवस सूनबाई पहाटे माझ्याबरोबर मैदानावर यायची. मागून कॅरिअर धरून पळायची. तिसऱ्या दिवशी तिने हात सोडला होता आणि मला कळलंच नाही. एकदा पडले, कोपर खरचटलं. घरी सांगितलं नाही, पण आता सगळ्यांना कळेल.

"या वयात" म्हणणाऱ्यांचं सगळंच चूक आहे असं मी म्हणत नाही. हाडं ठिसूळ असतील, चक्कर येत असेल, नीट दिसत नसेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसू नका. मीही विचारलं. मोठ्या रस्त्यावर मी जात नाही, गल्ल्यांतून थोडा वळसा घेऊन जाते. चौक आला की उतरून हातात धरून ओलांडते. त्यात कमीपणा नाही. पण धडधाकट बाईला फक्त "लोक काय म्हणतील" म्हणून बसवून ठेवणं मला पटत नाही.

तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरतेच्या मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवली गेली. तिथल्या शेतमजूर, दगडखाणीत काम करणाऱ्या हजारो बायका सायकलवर बसल्या. लेडीज सायकली पुरेशा मिळेनात तेव्हा त्यांनी पुरुषांच्या घेतल्या. बिहारमध्ये २००६ साली नववीच्या मुलींना सायकलसाठी सरकारने २,००० रुपये द्यायला सुरुवात केली, कारण शाळा लांब म्हणून मुली घरी बसत होत्या. मुलीचं शिक्षण सायकलने टिकतं हे सरकारला कळलं. मग साठीच्या बाईचं देवदर्शन, तिचा बाजार, तिच्या मैत्रिणी सायकलने टिकतात हे आपल्याला घरात का कळू नये? नातवाच्या वाढदिवसाला आपण आठ हजारांची सायकल आणतो, दोन वर्षांत ती त्याला लहान होते. आजीसाठी निम्म्या पैशांचा विचारही कुणाच्या मनात येत नाही. खरं सांगायचं तर आजीच्या मनातही येत नाही.

कुणी मला म्हणालं, अपरिग्रहाच्या गोष्टी करता आणि नवं वाहन घेता? रत्नकरंड श्रावकाचारात भोगोपभोगाच्या वस्तूंची मर्यादा करताना भोजनाच्या पाठोपाठ वाहनाचंच नाव येतं. गृहस्थाने वाहन वापरूच नये असं त्यात नाही, मर्यादा करावी असं आहे. मला वाटतं सायकल त्या मर्यादेत सगळ्यात सहज बसते. पेट्रोल नाही, धूर नाही, आणि वेग असा की पुढची जमीन दिसते. पावसाळ्यात रस्त्यावर गोगलगाय किंवा गांडूळ दिसलं तर सायकल थांबवता येते. स्कूटरवर मागे बसून मला ते कधी दिसलंही नव्हतं.

उलट परिग्रह होता तो पार्किंगमध्ये भिंतीला टेकलेला. शिल्लक राहिलेल्या ६३० पैकी ५५० रुपयांत चाचांनी ती गिअरची सायकल चालती करून दिली. पुढचे गिअर काढून टाकले, मागचे एका जागी बसवले, ब्रेक नीट केले. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा मुलगा आता ती घेऊन कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला जातो. आधी रोज दोन वाहनं बदलत होता. मावशी परवा म्हणाल्या, "ताई, आता पगार घरी येतो." वहीत आता ८० रुपये शिल्लक आहेत.

तेव्हा तुम्हाला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. आज खाली उतरून आपल्या पार्किंगमध्ये एकदा बघा. धूळ खात उभी असलेली सायकल दिसली तर तिचं काय करायचं ते या आठवड्यातच ठरवा. स्वतः चालवा, नाहीतर दुरुस्त करून ज्याला लागते त्याला द्या. आणि तुम्हाला स्वतःसाठी हवी असेल तर आधी वहीत मर्यादा लिहा, मग घराबाहेर पडा.

उद्या अष्टमी आहे. मी सव्वासहाला निघेन. फाटकात उभी राहणार नाही.

जय जिनेंद्र.